बाईंची गाडी शिवनेरीला

गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

ही डायरी जान्हवीला ऑफिसात मिळाली. ती म्हणाली, आजी तू लिही. मी म्हटलं, मी चौथीपर्यंत, आणि त्यातली चौथी पण अर्धीच, कारण धाकटा भाऊ झाला आणि मला त्याला सांभाळायला घरी बसवलं. तो भाऊ आता सावंतवाडीला दोन मजली घरात राहतो आणि मला आंबे पाठवायला विसरतो. असो. जानेवारीची पानं कोरी गेली ती गेली.

लिहायला कारण तसंच झालंय. घरात बाईंच्या गाडीवरून महाभारत चाललंय, आणि द्रौपदी मीच, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी मला.

बाई म्हणजे मुलुंडच्या डॉक्टरीणबाई. गिरणी बंद पडल्यावर आमचे हे गाडी शिकले आणि बाईंकडे लागले ते तेवीस वर्षं. पांढरी गाडी, गोल दिव्यांची. बाई अमेरिकेला मुलाकडे गेल्या तेव्हा कागद ह्यांच्या नावावर करून चावी हातात ठेवून गेल्या. त्याला अठरा वर्षं झाली, तरी आम्ही बाईंचीच गाडी म्हणतो. हे गेल्याला चार वर्षं होतील. तेव्हापासून गाडी खाली कव्हर घालून उभी होती. जान्हवीने वर्षभर सुट्ट्या घालवून ती चालू केली. बावीस वर्षांची पोर, नखं काळी. मी म्हणते, नवरा बघायला आला तर हात मागे ठेव.

आता आमच्या नाहूरच्या सोसायटीने काढलंय, एका घराला एकच गाडी. माझ्या मुलाला, जान्हवीच्या बापाला, निलेशला नवी घ्यायचीय. तो म्हणतो, ही साकीनाक्याच्या लवूला देऊ. लवू जुन्या गाड्या सोडवून भाग विकतो. जान्हवी म्हणते, मुलुंडला जुन्या गाड्यांचा क्लब आहे, ते तेवीस मार्चला शिवनेरीला जाणार आहेत. क्लबात पहिल्यांदा येणारी जी गाडी आपल्या चाकांवर जाऊन परत येईल तिला ते पितळी पट्टी देतात आणि क्लबात घेतात. वाटेत दोरी लावून ओढावी लागली तर पट्टी नाही.

निलेश जेवता जेवता म्हणाला, "ठरलं तर. दोरी न लावता परत आली तर राहील. दोरी लागली तर त्याच दोरीने साकीनाका."

"शब्द?" जान्हवीने हात पुढे केला.

"शब्द," म्हणून त्याने उष्ट्या हातानेच टाळी दिली. ताटात आमटी सांडली ती मी पुसली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. रताळी महाग नाहीत पण गोड पण नाहीत.

जान्हवीने विचारलं, पप्पा आजोबांच्या गाडीत कधीच का बसत नाही? खरंच की, माझ्या लक्षात नव्हतं आलं. मी म्हटलं, त्याला वेळ नसतो. मग तिला ह्यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट सांगितली, ती मी सगळ्यांना सांगते. निलेशची दहावी. बाईंचा मुलगा पण दहावीला, दोघांचं सेंटर एकच. हे बाईंच्या मुलाला गाडीतून न्यायचे आणि निलेश चालत जायचा. पहिल्या पेपरला रस्त्यात निलेश दिसला. बाई गाडीत असत्या तर स्वतःच थांबवा म्हणाल्या असत्या, पण त्या दिवशी त्या दवाखान्यात होत्या. मालकाने सांगितल्याशिवाय गाडी थांबवायची नाही, हा ह्यांचा नियम. ह्यांनी नाही थांबवली. सख्खा मुलगा. असा माणूस मिळतो कुठे आता?

निलेश तिथेच पेपर वाचत होता. उठून खाली कचरा टाकायला गेला. डबा तर दुपारीच रिकामा केला होता.

बुधवार, ५ मार्च

लवू गाडी बघायला आला. पोट पुढे, पण माणूस हसरा. दार उघडून परत लावलं, आवाज ऐकला. म्हणाला, "काकी, असला पत्रा आता मिळत नाही. दारं आधी जातील, मग दिवे."

कोंबडीचा भाव करावा तसा बोलत होता. मी चहा दिला, बिस्कीट दिलं नाही.

रविवार, ९ मार्च

जान्हवीने गाडी घाटकोपरपर्यंत नेऊन बघितली. जाताना झकास. येताना भर दुपारी भांडुपला हायवेवर बसली ती बसली. तास दीड तासाने आपली आपण चालू झाली. पोर घरी आली ती न जेवता झोपली. शिवनेरीला तर घाट आहे. मी काय सांगणार? मला गाडीतलं दार तेवढं उघडता येतं.

निलेश म्हणाला, "बघ, मी सांगत होतो." आणि कचरा टाकायला गेला तो तासाने आला. हल्ली ह्या सोसायटीत कचरा टाकायला पण रांग लागते वाटतं.

बुधवार, १२ मार्च

नवलच. जान्हवीने गाडीचं बोनेट उघडलं तर आत एक नळी नवी. ती म्हणते मी बसवली नाही. मी म्हटलं बसवली असशील आणि विसरली असशील, तुझे आजोबा पण चष्मा डोळ्यावर ठेवून शोधायचे.

निलेशच्या निळ्या शर्टाची वाट लागलीय. बाहीला काळं ग्रीस, दोनदा साबण लावला. लिफ्टच्या कंपनीत पाच वर्षं सुपरवायझर आहे, एसीत बसतो, तरी त्याच्याकडून असली कामं करून घेतात. त्याचा स्वभावच तसा, नाही म्हणता येत नाही.

शनिवार, २२ मार्च

उद्या जायचं. मी पण जाणार. जान्हवी म्हणाली, आजी तू पुढे बसायचं, माझ्या शेजारी. तेवीस वर्षं गाडी बाईंची होती तोवर मी बसले नाही, नंतर बसले ती मागे. पुढे कधी नाही. हे म्हणायचे, ड्रायव्हरच्या शेजारी बसलीस तर लोक म्हणतील बायकोला फिरवतोय. अहो, फिरवत होतातच ना, मग म्हणू देत की. पण तेव्हा सुचलं नाही.

काळजी एकच. लांब निघायच्या आधी हे गाडीपुढे नारळ आणि विडा ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचे. आम्ही फक्त "होय म्हाराजा" म्हणायचं. हे गेल्यावर मान निलेशचा. मी त्याला विचारलं.

"मी येत नाहीये, आई. मला काम आहे."

"रविवारी?"

"मुरबाडला साईट आहे."

"मग जायच्या आधी खाली येऊन दोन शब्द बोल."

"तूच बोल."

"बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं."

"बायकांनी लांब मोटारीतून गडावर पण जायचं नसतं. जातेयस ना?"

आगाऊ कुठला. पण तोंड बंद केलं माझं. नारळ घेतला, एक विडा इथला, एक गडावरच्या देवीला. पानं सुकू नयेत म्हणून माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात ओली करून बांधली. चांगलं जाड सुती फडकं आहे. उन्हाळ्यात ह्यांना रोज असलंच फडकं ओलं करून डब्याबरोबर द्यायचे.

सून शुभा येत नाही, तिच्या बँकेची मार्चअखेर आहे. गुडघ्याला तेल लावलं. घावणे बांधले पंचवीस.

सोमवार, २४ मार्च

काल आल्या आल्या लिहायचं होतं पण बसल्या बसल्या झोप लागली. आता सगळं सांगते, मध्ये काही सोडत नाही.

सकाळी सहाला मुलुंडच्या मैदानात गेलो. अकरा गाड्या. रंग बघून वाटलं लग्नाच्या साड्या वाळत घातल्यात. क्लबचे मुख्य मार्तंडसाहेब, रिटायर इंजिनियर, डोक्यावर टोपी, बोलणं पुस्तकातलं. त्यांच्या हातात यादी. "आपली गाडी कोणाच्या नावावर?" मी म्हटलं, बाईंची. त्यांनी लिहून घेतलं.

मी नारळ काढला तसे सगळे बघायला लागले. हे कसे उभे राहायचे ते आठवलं आणि तशीच उभी राहिले, एक हात कमरेवर. म्हटलं, "बा देवा म्हाराजा."

एकटी जान्हवी म्हणाली, "होय म्हाराजा."

"आज ही सगळी लेकरां आपापली म्हातारी गाडी घेवन शिवनेरीक निघाली हत, म्हाराजा."

ह्या वेळी मार्तंडसाहेब पण म्हणाले. टोपी काढून.

"घाटात कोणाची तापात तर ती थंड कर, म्हाराजा. कोणाच्या मनात वाकडा आसात तर ता सरळ कर, म्हाराजा. आणि गेली तशी सगळ्यांका घराक हाड रे, म्हाराजा."

हाड म्हणजे आण, हे कोणाला कळलं नसेल, तरी अख्खं मैदान "होय म्हाराजा" म्हणालं. एकाने हॉर्न दिला, मग अकराही गाड्यांनी दिला. समोरच्या बिल्डिंगीत लोक गॅलरीत आले. बायकांनी गाऱ्हाणं घालू नये म्हणतात ते मला वाटतं पुरुषांनीच ठरवलं असणार.

मुरबाडपर्यंत काय सांगू, राणीसारखी गेले. पुढे बसलं की रस्ता आपल्याकडे येतो. मागे बसलं की नुसता जातो. मुरबाडला वडापाव खाल्ला, माझे घावणे क्लबवाल्यांनी संपवले.

माळशेज घाटात ऊन चढलं. अर्ध्यात आलो आणि गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला आणि गप्प. पुढच्या नऊ गाड्या वळणाआड गेल्या. आमच्या मागे शेवटची गाडी यज्ञेश नावाच्या माणसाची. क्लबने त्याला सगळ्यांच्या शेवटी ठेवलेला. त्याची गाडी लाल चकचकीत, पण मला वाटतं बोनेट उघडायला घरी माणूस असणार. त्याने हात न लावता आत बघितलं.

"पेट्रोलची वाफ झालीय. गार व्हायला तास लागेल. वळणावर तासभर उभं राहता येणार नाही, काकू, मागून ट्रक येतात. दोरी लावू, वर नेऊन सोडतो."

"दोरी नाही," जान्हवी म्हणाली.

"अगं, पट्टी पुढच्या वर्षी घे."

पुढच्या वर्षी कुठली गाडी आणि कुठली पट्टी? यज्ञेशने डिकीतून दोरी काढली. पिवळी, जाड.

आणि बघते तर मागून टेम्पो आला, लवूचा. आणि लवूच्या शेजारी निलेश.

मी मनात म्हटलं, बघा. गाडी बंद पडायची वाटच बघत होता. न्यायला माणूस घेऊनच आलाय. रागाने माझ्या हातातली पिशवी खाली पडली. लवू म्हणाला, "काकी, सकाळी सहापासून तुमच्या पाठी आहोत. ह्याने मला घावणं पण खाऊ दिलं नाही. पुढे जाऊ नको, त्यांना दिसू नको, एवढंच चाललंय." म्हणजे चोरासारखे पाठलाग करत होते.

"मुरबाडच्या साईटचं काय झालं?" मी विचारलं.

"झालं काम," निलेश म्हणाला.

यज्ञेश गाडीखाली वाकला होता दोरी बांधायला. निलेश त्याला म्हणाला, "दोरी लावायची नाही."

"अहो पण..."

"माझी आई बसलीय त्या गाडीत. दोरी लावायची नाही."

मला काही कळेना. दोरी लागली तर ह्याचंच काम होणार होतं. पण विचार करायला वेळ कुठे होता. पिशवी उचलायला वाकले तर पानांचं फडकं हाताला लागलं, अजून गार. आणि एकदम आठवलं. मी म्हटलं, "अरे, हे उन्हाळ्यात ओलं फडकं न्यायचे रोज. मला वाटायचं तोंड पुसायला. पण परत यायचं तेव्हा त्याला पेट्रोलचा वास यायचा. धुवून धुवून माझे हात भाजायचे."

निलेशने माझ्याकडे बघितलं. फडकं घेतलं, पानं माझ्या हातात दिली, लवूकडचा पाण्याचा कॅन फडक्यावर ओतला आणि बोनेटमध्ये हात घालून एका छोट्या डब्यासारख्या वस्तूला नीट गुंडाळलं. शोधलं सुद्धा नाही, हात सरळ तिथेच गेला. पेट्रोलचा पंप म्हणे तो. त्याला कसं माहीत कुणास ठाऊक, लिफ्टला पण पंप असेल.

यज्ञेश ट्रकांना हात दाखवत उभा राहिला, एवढं मात्र त्याने केलं. निलेश थोड्या थोड्या वेळाने पाणी ओतत होता. वाफ यायची. दहा मिनिटं झाली असतील. निलेश म्हणाला, "आता मार."

जान्हवीने चावी फिरवली. नाही. परत फिरवली. नाही. तिसऱ्याला गाडी खोकली आणि चालू झाली. लवूने टेम्पोच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी ढोल वाजवला. म्हणाला, "गेलं माझं गिऱ्हाईक." पण हसत होता मेला. टेम्पोत मागे बघितलं तर पट्टा, नळ्या, पेट्रोलचा कॅन, दुसरा एक पंप. मी म्हटलं, बरंच सामान घेऊन फिरतोस. तो म्हणाला, "मी नाही, काकी, ह्याने भरायला लावलं." आता भंगारवाल्याकडे सामान असायचंच, त्यात निलेशने काय सांगायचं?

वर सगळे गाड्या लावून थांबले होते. आम्ही दिसलो तशा टाळ्या पडल्या. मार्तंडसाहेबांनी बोनेट उघडायला लावलं, फडकं बघितलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "आमच्यातल्या निम्म्यांना हे ठाऊक नाही. हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, लुगडं माझं, अक्कल ह्यांची.

पुढे जुन्नर, मग शिवनेरीचा पायथा. जान्हवी म्हणाली, आजी तू खाली बस. मी म्हटलं, इतक्या लांब पायरी बघायला आले का? एक दरवाजा झाला की बसायचं, पाणी प्यायचं, की दुसरा. शिवबा ह्या गडावर जन्मले, म्हणजे जिजाबाई पोटुशी असताना इथे होत्या. मला तर नुसते गुडघे होते. निलेश एका बाजूने, जान्हवी दुसऱ्या. शिवाई देवीपर्यंत गेले. विड्याची पानं कोमेजली होती, मी देवीला सांगितलं, फडकं दुसरीकडे लागलं गं बाई. तिला कळलं असणार.

देवळाबाहेर पायरीवर मी आणि निलेश बसलो होतो. तो खाली बघत होता, जिथे गाड्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. मग म्हणाला, "आई, दहावीच्या पेपरला बाबा माझ्या बाजूने गाडी घेऊन गेले ना."

"हो तर. मी सांगते ना सगळ्यांना."

"पुढे गेल्यावर आरशात बघितलं असेल का गं त्यांनी?"

मी म्हटलं, "मी गाडीत होते का? पण त्या दिवशी ह्यांचा डबा भरलेला परत आला. दुसऱ्या दिवशी पण. मला वाटलं भाजी खारट झाली. तर म्हणाले, भाजी चांगली आहे, घास उतरत नाही. तुझे पेपर संपेपर्यंत तेच. मी पोटाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होते, पण तुझा शेवटचा पेपर झाला आणि संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त मागितल्या. आपोआप बरे झाले."

निलेशने तोंड फिरवलं. डोळ्यांत धूळ गेली म्हणाला. गडावर वारा होताच.

खाली आलो. निलेश गाडीपाशी गेला, मागचं दार उघडलं, परत लावलं.

"पप्पा, बस ना," जान्हवी म्हणाली.

"मी लवूबरोबर येतो."

मी म्हटलं, "टेम्पोत डिझेलचा वास येतो, तुला लहानपणापासून उलटी होते. बस मुकाट्याने."

बसला. मागे, डाव्या बाजूला, बाई बसायच्या तिथेच. हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखा. जान्हवीने मान न वळवता विचारलं, "कुठे जायचं, साहेब?"

"नाहूर," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "हळू घे. आणि मधूनमधून आरशात बघत जा."

परत येताना गाडी एकदा सुद्धा अडली नाही. घाट उतरताना निलेश मागे झोपला होता. मुलुंडला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मार्तंडसाहेबांनी पट्टी काढली, पितळेची, वीतभर. म्हणाले, "ह्यावर मालकाचं नाव कोरून देतो. यादीत बाईंची असं लिहिलंय. बाईंचं पूर्ण नाव सांगा."

मी सांगायला तोंड उघडलं तर मागून निलेश म्हणाला, "बाईंची नाही. आमची आहे. माझ्या वडिलांचं नाव घाला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांचं नाव कधी घेतलेलं नाही, लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच, ते पण ढकलल्यावर. निलेशनेच सांगितलं. धोंडू सखाराम परब. मोठ्याने, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. बघा, आता लिहिलं पण गेलं माझ्या हातून. लिहिलेलं चालत असेल, तोंडाने घेतलं नाही.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, पुरी श्रीखंड झालं. पट्टी परवाच कोरून आली. मी चिंचेने घासून लखलखीत केली आणि निलेशने गाडीच्या नाकावर बसवली, चार स्क्रू. जान्हवीला हात लावू दिला नाही. नवी गाडी तूर्त नको म्हणतो, पार्किंग भरलंय.

लवू पाडव्याचं म्हणून आला. त्याला श्रीखंड दिलं आणि बिस्कीट पण दिलं, मागचं राहिलं होतं.

मग सगळे खाली गेलो, शुभा पण. गाडीला झेंडूचा हार. मी नारळ पुढे ठेवला, विडा ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहणार तोच निलेश पुढे आला. कोणी सांगितलं नव्हतं. चप्पल काढली. घसा साफ केला. शब्द येत नव्हते, बापाचं ऐकून ऐकून जेवढे राहिले होते तेवढे.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला. "ही आमची गाडी, म्हाराजा."

मी सगळ्यांच्या आधी "होय म्हाराजा" म्हटलं.